दप्तरात नसलेली वर्षे

कुलाबा जिल्ह्याचे नाव 1981 साली रायगड झाले, तरी पेणच्या खारेपाटात पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या पिढीच्या कागदपत्रांवर अद्याप ‘जिल्हा कुलाबा’ असेच लिहिलेले आढळते. ती पिढी आता झपाट्याने मावळत आहे आणि मागे राहिलेल्यांपुढे एक पेच ठेवून जात आहे : ज्याने लढाईविषयी जन्मभर अवाक्षर काढले नाही, त्याचे स्मरण त्या लढाईसह करावे, की त्याच्या मौनासह? डोलवीतल्या अशा एखाद्या वयोवृद्ध हवालदाराच्या वर्षश्राद्धापूर्वी त्यांचा नातू आणि त्यांच्या स्नेहातले एक गुरुजी यांच्यात जो संवाद व्हावा, तो मी येथे कल्पिला आहे.

नातू : गुरुजी, आजोबांविषयी चार पाने छापून वाटावीत असे घरात ठरले आहे. त्यांची पलटण, पहिली मराठा, 1971 च्या डिसेंबरात पूर्व बंगालमध्ये जमालपूरला होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरणागतीसाठी धाडलेल्या पत्राला पाकिस्तानी कमांडरचे जे उत्तर आले, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. आणि 10 डिसेंबरच्या रात्री निसटू पाहणारी ती फौज लेफ्टनंट कर्नल ब्रार यांच्या मराठ्यांवर येऊन आदळली आणि तेथेच तिचा मोड झाला. एवढा इतिहास ज्या घराच्या ओसरीवर बसून होता, त्या घराने तो सांगू नये काय?

गुरुजी : अवश्य सांगावा. पण त्या रात्री ते कोठल्या मोर्चात होते, हे तुला ठाऊक आहे?

नातू : नाही. तेवढे कल्पनेने भरावे लागेल.

गुरुजी : मग ते स्मरण तुझ्या कल्पनेचे होईल, त्यांचे नव्हे. पलटण तेथे होती हे सत्य आहे. ते एका वाक्यात लिही आणि थांब.

नातू : एका वाक्यात? आपल्याच जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, आपल्या तुकडीतला प्रत्येक जण मेला वा जायबंदी झाल्यावर, एकटेच मशिनगनवर चालून गेले आणि ते ठाणे घेऊन तेथेच पडले. त्यांचे स्मारक झाले, व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने स्वीकारला. कोणी ते एका वाक्यात आटोपले नाही.

गुरुजी : घाडगे बावीस वर्षांचे होते, बाळ. त्यांचे सारे उर्वरित आयुष्य त्या काही क्षणांत हिरावले गेले, म्हणून त्या क्षणांचे स्मरण हेच त्यांचे स्मरण. आता त्याच मराठा रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव घे. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या उंच पूरबांधांवर त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना सुखरूप नेले, शत्रूच्या मशिनगनची ठाणी बंद पाडली, आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करीत मागच्यांना पुढे बोलाविले. त्यांनाही तोच क्रॉस मिळाला. पण ते जगले, 1984 सालापर्यंत जगले. त्या एकोणचाळीस वर्षांविषयी तुला काय सांगता येईल?

नातू : काहीच नाही.

गुरुजी : माझेही तसेच आहे, आणि मला त्याची खंत वाटते. रणांगणावरून जो परत आला, त्याचे आपण जणू परत येणेच विसरतो.

नातू : परंतु आजोबांच्या परतीच्या वर्षांत सांगण्याजोगे होते तरी काय? भाताची शेती, पोरांची शिक्षणे, आणि दर नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला.

गुरुजी : तू त्यांना बाहेरकाठ्यावर चालताना पाहिले आहेस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी ते धरमतरच्या खाडीकडचा बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत. खेकड्याचे बीळ दिसले की बसून ओल्या चिखलाचा गोळा त्यात दाबीत, टाचेने ठोकीत, आणि पाणी झिरपते का ते बोटाने पाहून मगच उठत. त्या बिळाची पुढे खांड होते, खारे पाणी शेतात शिरते आणि ते धुऊन निघायला दोनतीन पावसाळे जातात. बांधाची डागडुजी ही शिलोत्रीच्या, म्हणजे बांध घालून खारजमीन पिकविण्याच्या जुन्या वहिवाटीच्या, जमान्यापासून चालत आलेली जोखीम. 1948 च्या खारजमीन कायद्यानंतर ती पुष्कळशी सरकारकडे गेली, आणि पुढे याच गावात पोलादाचा कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतीचे मोलही लोकांच्या मनातून उतरले. तरी ते जात राहिले.

नातू : म्हणजे ते तेथेही पहारेकरीच होते, असे लिहू?

गुरुजी : मुळीच नको. लष्करी विशेषण चिकटविल्यावाचून त्या कामाला प्रतिष्ठा मिळत नाही, असा त्याचा अर्थ होईल. शेत वाचावे, घर जेवावे, शेजाऱ्याचे नुकसान होऊ नये, एवढ्यासाठी ते जात. त्यांच्या नोकरीची तारीख, हुद्दा, पेन्शनीचा हुकूम हे सारे सरकारी दप्तरात जपलेले आहे. हे मात्र तुझ्या घरावाचून कोणी जपणार नाही.

नातू : माझी शंका अजून फिटली नाही. त्यांचे मौन ही त्यांची इच्छा होती, असे आपण गृहीत धरतो. कदाचित त्यांना सांगायचे असेल आणि आम्ही कधी विचारलेच नसेल. त्यांच्या डिस्चार्ज बुकात ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरील व्रण नोंदला आहे. मी त्यांच्या मांडीवर खेळलो, गुरुजी. पण तो व्रण मी कागदावर वाचला!

गुरुजी : (बराच वेळ थांबून) याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. मी एकदा लढाईविषयी विचारले, तेव्हा ते उठले आणि बांधातल्या उघाडीचे पाणी बघायला निघून गेले. मी त्याला नकार समजलो. दुसऱ्यांदा विचारायला हवे होते, की तो अतिप्रसंग झाला असता, याचा निवाडा आता होणे नाही. ज्याने माणसे मरताना पाहिली, आणि कदाचित मारलीही, त्याला ते नातवंडांपासून दूर ठेवण्याचा अधिकार आहे, एवढे मी मानतो. उलट, आपल्या अनास्थेला त्यांचे मौन म्हणून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही मानतो.

नातू : मग मी लिहू तरी काय?

गुरुजी : जमालपूरचे एक वाक्य. भुवईवरचा व्रण, आणि त्याचे कारण घरात कोणाला ठाऊक नाही हेही. ते लपवू नकोस. बांधाचे एक पान. उरलेली पाने त्या वर्षांची, जेव्हा ते पलटणीत होते आणि येथे मनीऑर्डरीच्या पैशांत घर, गुरे, लावणी आणि तुझे वडील एकाच माणसाने सांभाळले.

नातू : आजीने.

गुरुजी : त्यांनाही आजवर कोणी विचारलेले नाही. वर्षश्राद्धाची वाट पाहू नकोस. आज संध्याकाळीच त्यांच्यापाशी जाऊन बैस आणि विचार.