पालकसभेची वेळ

पालकसभेची चिठ्ठी घरी येते: ‘गुरुवारी सकाळी ११ वाजता उपस्थित राहावे.’ नवी मुंबईत त्या वेळी कोण मोकळं असतं? वाशीच्या बाजार समितीत पहाटेपासून गोणी वाहिलेला माथाडी नुकता पाठ टेकतोय, घरकाम करणारी बाई तिसऱ्या घरची भांडी घासतेय आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत पहिली पाळी ऐन भरात आहे. सभेला निम्मे बाक रिकामे राहतात आणि शेरा ठरलेला, ‘या पालकांना मुलांचं काही पडलेलंच नाही.’ मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. रोजंदारी बुडवून मुलाला शाळेत घालणाऱ्या माणसाबद्दल असं बोलण्याआधी शाळेने स्वतःचं घड्याळ तपासायला हवं.

कायदा या बाबतीत उदार आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक बसवले, निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचं कामही त्यांच्याकडे सोपवलं. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना भेटून सांगत राहणं हे याच कायद्याने शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांना मात्र ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, पण त्याची बरीचशी ताकद फीच्या वादात खर्च होते. एका शाळेत पालक ग्राहक म्हणून उभा राहतो, दुसरीत अर्जदार म्हणून. मुलाला शिकवण्याच्या कामातला जोडीदार म्हणून त्याला क्वचितच कोणी बसवून घेतं.

महापालिकेच्या शाळेतली सभा आठवते. आधार कार्ड, गणवेश, बँक खातं, गैरहजेरी, असे विषय भराभर झाले. शेवटच्या बाकावर कडेवर बाळ घेऊन बसलेल्या एका आईची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, ‘घरी जरा लक्ष द्या, वाचनात कच्ची आहे.’ ती मान हलवून सही करायला उठली. लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. तिला स्वतःला वाचता येत नसेल, तर त्या सल्ल्याने तिच्या मनाला फक्त टोचणी लागते. त्याऐवजी असं सांगता येतं: ‘मुलगी जोडाक्षरांना अडखळते. रोज रात्री एक पान तिला मोठ्याने वाचू द्या, तुम्ही ऐका, मग वाचलेली गोष्ट तुमच्या भाषेत सांगायला लावा.’ याला आईची साक्षरता लागत नाही, क्लासची फीसुद्धा नाही.

उलट दिशेचं बोलणं तर जवळपास होतच नाही. वडिलांबरोबर भाजीच्या गाड्यावर उभा राहणारा मुलगा पावशेराचे पैसे तोंडी काढतो, सुट्टे परत देतो, आणि वर्गात हातच्याच्या वजाबाकीला अडतो. त्याचं हे गणित शिक्षकाला ठाऊक नसतं, कारण वडिलांना कोणी विचारलेलं नसतं. शाळा मराठी माध्यमाची आणि घरात बोली वेगळीच, हेही इथे नेहमीचं. मुलाच्या गप्प बसण्यामागे ती भाषा आहे की भीती, हे घरचं माणूसच सांगू शकतं.

शाळेनेच पालकांपर्यंत जाण्याची वाट महाराष्ट्राने फार पूर्वी चोखाळली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत मुलांच्या वस्तीत, अंगणात बालवाडी भरवली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. अलीकडे, २०२२ साली, ‘पहिले पाऊल’ अभियानात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट वस्तीवस्तीत बांधले गेले. एका गल्लीतल्या आया एकत्र बसून मुलांकडून छोट्या कृती करून घेत. कोरोनात बालवाडीच न पाहिलेल्या मुलांसाठी हे फार मोलाचं होतं. ते पहिलीच्या उंबरठ्यावर थांबू नये, चौथीपर्यंत चालावं.

दिघा, तुर्भे, घणसोलीत रविवारी संध्याकाळी एखाद्या मंडळाच्या सभागृहात सभा घेता येईल. शिक्षकांवर निवडणूक आणि सर्वेक्षणांची कामं आधीच लादलेली आहेत, म्हणून या रविवारची बदली रजा त्यांना हक्काने मिळायला हवी. आणि आधार, गणवेश, बँक खातं यांची कागदपत्रं त्या दिवशी बाजूला ठेवून प्रत्येक पालकाला आधी बोलू द्यावं.