कृती, विचार आणि बंदी

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावरील संयुक्त समितीचा अहवाल जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा ‘कडव्या डाव्या’ संघटना, म्हणजे विचारसरणीवरून धोकादायक मानलेले गट, ही संज्ञा संदिग्ध असल्याचा विरोधकांचा आक्षेप होता, आणि दंड कृतीला द्यावा की विचाराला, या मूळ नैतिक प्रश्नाला तो भिडत असल्याने त्याला निव्वळ पक्षीय म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या नांदेड-लातूरच्या भूमीने विचारालाच दंड देणारा निवाडा सोसलेला आहे. १९३८ मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच, केवळ हेतूचा अंदाज बांधून, बेकायदेशीर ठरवली. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात तुरुंगवास पत्करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आज नांदेडच्या विद्यापीठाला आहे.