अडवणे ही हिंसा आहे का?

अहिंसेविषयीची आपली रोजची समजूत हत्याराभोवती फिरते. ज्याने मारले त्याला पाप लागले, ज्याने हात उचलला नाही तो मोकळा. माणसामाणसांतल्या व्यवहारात ही समजूत बऱ्यापैकी चालते, पण रानातल्या जीवांच्या बाबतीत ती तोकडी पडू लागली आहे. एकही गोळी न झाडता, एकही फासा न लावता वाघाचा किंवा तरसाचा वंश खुंटवता येतो. त्यासाठी दोन जंगलांमधली वाट तेवढी बंद करावी लागते. बांधावरच्या बाभळी-बोरी काढून तारेचे कुंपण घालणारा शेतकरी, ओढा पाइपात कोंबून त्यावर इमारत उठवणारा बिल्डर, चौपदरी रस्त्याचा आराखडा काढणारा अभियंता आणि त्या रस्त्याने निवांत गाडी हाकणारे आपण, यांपैकी कोणाच्याही हाताला रक्त नाही. तरी प्राणी मरतात किंवा जन्मतच नाहीत. मग अडवणे ही हिंसा आहे का? माझ्या मते आहे. आणि तिच्यावरचा उपाय शोधायला वाघाला माणसाचे हक्क देण्याची गरज नाही. आपल्या सातबाऱ्याला मुळातच किती मर्यादा आहेत हे आठवले तरी पुरे.

आधी अडवण्याने होते काय ते पाहू. ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात काळसर वाघ आहेत. त्यांच्या अंगावरचे पट्टे इतके रुंद की ते एकमेकांत मिसळून गेलेले. पर्यटकांना ते नवल वाटते. बंगळुरूच्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये या नवलाचे मूळ मांडले. इतर रानांत जवळपास न आढळणारा एका जनुकातला बदल इथे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाघांच्या अंगावर उमटला आहे, कारण ही लहानशी वस्ती बाकीच्या वाघांपासून तुटली आहे आणि सोयरीक आपसातच होते आहे. रंग निरुपद्रवी असेलही, पण तो ज्या रीतीने पसरला त्याच रीतीने एखादे व्यंगही पसरू शकते. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी 1967 मध्ये समुद्रातल्या बेटांविषयी सिद्धान्त मांडला होता: बेट जितके लहान आणि इतर भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावर टिकणाऱ्या जाती कमी. चहूबाजूंनी कापूस, ऊस आणि डांबर असलेले अभयारण्य हे असेच बेट. त्यातून बाहेर पडायची धडपड किती मोठी असते ते टिपेश्वरच्या एका नर वाघाने दाखवले. 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला हा वाघ यवतमाळातून निघाला, तेलंगणात शिरला, परत आला आणि शेतांतून, नाल्यांतून, बहुधा रात्रीच चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. नऊ-दहा महिन्यांत त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले, नावही ठेवले, पण एवढे चालून त्याचा वंश काही पुढे सरकला नाही.

याला हिंसा म्हणायचे तर त्याला आधार हवा. तो जैन आचारशास्त्रात फार नेमका सापडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला बाधा आणणारे पाच अतिचार सांगितले आहेत. मारणे आणि अवयव तोडणे हे त्यांतले दोन. उरलेले तीन म्हणजे बांधून ठेवणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. पाचांतल्या तिघांत रक्ताचा थेंब नाही. हा विचार पाळीव जनावरे आणि आश्रित माणसे डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, हे मान्य. रानातल्या कोल्ह्याला तो लावणे ही माझी जोड. पण ही जोड ओढूनताणून आणलेली वाटत नाही. ज्या काळी रान अफाट होते आणि शेत हे त्यातले ठिगळ होते, त्या काळी माणूस फक्त आपल्या गोठ्यातल्या जनावराचीच वाट अडवू शकत होता. आज उलटे झाले आहे. रान ठिगळ झाले, आणि त्यातला प्रत्येक जीव एका अर्थी आपल्या दाव्याला बांधलेला आहे. गोठा वाढला तशी गोठ्याच्या धन्याची जबाबदारीही वाढायला हवी.

यावर पहिला आक्षेप हेतूचा येतो. कुंपण घालणाऱ्याला डुकरापासून हरभरा वाचवायचा असतो, वाघाचा वंश बुडवायचा नसतो. हेतूच नाही तर पाप कसले? हा आक्षेप हलका नाही. पण त्याच तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना द्वेषाची अट घातलेली नाही, प्रमादाची घातली आहे, म्हणजे बेसावधपणाची. आणि पातंजल योगसूत्रांनी हिंसेचे तीन प्रकार मानले: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली. रस्ता, धरण, नगररचना असल्या सामुदायिक कामांना ही तिसरी पायरी जणू नजरेपुढे ठेवूनच लिहिली असावी. शिवाय बेसावधपणाची सबब आता संपली आहे. नागपूर-शिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. बरेच वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्यानंतर तिथे रस्ता खांबांवर उचलून महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी खालून वाट ठेवली गेली. त्यांतली सर्वांत लांब 750 मीटरची. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले. प्राण्यांना अशी वाट वापरता येते हे एकदा डोळ्यांनी दिसल्यावर पुढचा प्रत्येक रस्ता सपाट टाकणे याला अजाणतेपणा म्हणता येणार नाही.

इथे कोणी म्हणेल, आपल्या परंपरेने हे सगळे देवराई राखून कधीच केले आहे. देवराईची थोरवी मोठीच आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले की सरकारी जंगल तुटले तिथे देवाच्या नावाने झाडे उभी राहिली. वाळकी काटकीही न उचलण्याचा दंडक जे करतो ते वनखात्याच्या शिक्क्याने होत नाही. पण देवराईने पावित्र्य एका जागेला दिले. हद्दीच्या आत देव, हद्दीबाहेर व्यवहार. भोवती रान होते तोवर हे चालून गेले. आता कोकणातल्या एखाद्या राईभोवती आंबा-काजूची कलमे आणि जांभ्याच्या खाणी आल्या की धनेशाला एका राईतून दुसऱ्या राईत जायला मधली मोठी झाडे उरत नाहीत, आणि ज्या फळांच्या बिया त्याच्या पोटातून दूरवर पडायच्या त्या आईच्याच सावलीत कुजतात. राई उभी दिसते, पण तिचा पुढचा पिढीजात विस्तार थांबलेला असतो. वाघोबाचेही काहीसे तसेच. वारली लोकांनी वाघबारशीला पुजलेला वाघोबा हा वाघाशी केलेला करार आहे: तू तुझ्या वाटेने जा, आमच्या गुराढोरांना आणि लेकरांना सांभाळ. या देवतेत वाट आहे, म्हणून मला ती देवराईहूनही अधिक उपयोगी वाटते. पण नुसत्या पूजेने निभावत नाही. गोव्यात वाघ्रो पुजला जातो, आणि त्याच गोव्यात सत्तरी तालुक्यात जानेवारी 2020 मध्ये म्हादईच्या रानात वाघीण आणि तिचे बछडे विषाने मेले. श्रद्धा होती, मारल्या गेलेल्या गुरांची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळेल याचा भरवसा नव्हता.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि कायदेपंडितांना तो आवडतो: ज्याला कर्तव्य नाही त्याला हक्क कसा असेल? वाघ कर भरत नाही, करार पाळत नाही. या वादात शिरण्याची मला गरज वाटत नाही, कारण आपला जमिनीचा कायदा वेगळ्या रीतीने विचार करतो. 1882 च्या इझमेंट कायद्यात वहिवाटीचा हक्क माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटतो. ज्या जमिनीच्या उपभोगासाठी वाट हवी ती वरिष्ठ, जिच्यावरून वाट जाते ती तिला बांधील. मालक बदलले तरी वाट राहते. चारी बाजूंनी कोंडलेल्या तुकड्याला तर गरजेपोटीच वाट मिळते. गावोगावचे शेतकरी हे कायदेपंडितांपेक्षा चांगले जाणतात: बांधावरून रस्ता हवा असेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज, आणि चालू रस्ता कोणी अडवला तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दावा. म्हणजे ‘माझी जमीन, मी वाटेल ते करीन’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या एकाही शिवाराला कधी लागू नव्हते. पाणंद, शिवरस्ता, ओढ्याचे पात्र, गायरान ही सगळी खासगी मालकीला पडलेली भोके आहेत, आणि गाव चालते ते या भोकांमुळेच. जंगलाचे दोन तुकडे या वरिष्ठ जमिनी मानल्या तर त्यांच्यामधल्या वाटेसाठी वाघाची सही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये निलगिरीच्या पायथ्याशी सिगूर पठारावरचा हत्तींचा मार्ग मोकळा ठेवण्याचा तमिळनाडूचा निर्णय उचलून धरला, तेव्हा मार्गावरच्या रिसॉर्टचालकांचे म्हणणे टिकले नाही ते याच दिशेने.

शहराला हा विचार लागू होत नाही, शहर माणसांसाठीच असते, असेही म्हणतात. मुंबईचे बिबटे हे म्हणणे रोज खोटे पाडतात. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. तो रस्ते, लोहमार्ग आणि खाडी ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात आला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासामुळे ‘आजोबा’ म्हणून तो घराघरांत पोहोचला, पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला. 2011 मध्ये तो महामार्गावर वाहनाखाली मेला. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे उद्यान उत्तरेला तुंगारेश्वरशी जोडलेले राहील की घोडबंदर रस्ता आणि खाडी यांच्या अलीकडेच कोंडेल, यावर तिथल्या बिबट्यांचे पुढचे शंभर वर्षांचे भवितव्य ठरणार आहे. पुण्यातही वेताळ टेकडीवरून पाषाण-बाणेरच्या टेकड्यांकडे जाणारी सलगता आणि नदीकाठची झाडी हीच शहराची खरी वाट आहे. दोन किलोमीटरवर एक सुशोभित बाग आणि मध्ये सिमेंटचा नाला, असे केले की फुलपाखरालाही ती पुरत नाही. बागेत कारंजे बसवणे सोपे असते, नाल्याकाठची दहा मीटर झुडपे राखणे महागात पडते, कारण त्या दहा मीटरांना चौरस फुटाचा भाव असतो.

खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याने लेकरे नेली आहेत. चंद्रपुरात मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे परत आलेली नाहीत. पुण्या-मुंबईत बसून मार्गिकांची भाषा बोलणाऱ्याने यांच्या दारात उभे राहून ती बोलून दाखवावी, असे कोणी म्हटले तर उत्तर द्यायला जड जाते. तरी दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात: जाणे आणि राहणे. उसात बिबट्या राहतो, तिथेच पिले घालतो. अकोले भागात अत्रेय यांच्या पथकाला शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि तेही चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांच्या वस्तीत. त्यांचे मुख्य खाणे गावातली कुत्री. हा वाटेचा प्रश्न नाही, ऊस, उघडा कचरा आणि बेवारस कुत्री यांचा आहे. आणि ‘धरा आणि जंगलात सोडा’ हा त्यावरचा लोकप्रिय उपाय करून झालेला आहे. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागातून बिबटे पकडून दूर सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलुखात टाकलेले जनावर परतीची वाट शोधत वस्त्यांतून भटकते. म्हणजे इथेही अडथळा आणि उपटणे यांनीच धोका वाढवला. वाट असलेले जनावर निघून जाते, हे टिपेश्वरच्या वाघाने शेकडो गावांच्या शिवारांतून जाताना बहुतांशी दाखवून दिले आहे.

पण वाटेचा भार कोणी उचलायचा, हा न्यायाचा प्रश्न त्याने मिटत नाही. वहिवाटीच्या हक्कातही बांधील जमिनीचे कमीत कमी नुकसान व्हावे असा दंडक असतो. विनोबांनी 1951 पासून जमिनीवरच्या मालकीपणाला धर्माच्या भाषेत प्रश्न विचारला, तो भूमिहीनासाठी. त्या प्रश्नाचा मुख्य रोख मोठ्या धारणेकडे होता. इथेही तसेच असले पाहिजे. ओढ्याकाठची पट्टी पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी खंड मिळावा, मेलेल्या शेळीचे पैसे पंचनाम्याच्या फेऱ्यांशिवाय हातात यावेत, आणि हे पैसे त्या वाटेच्या दोन्ही टोकांना पर्यटनावर कमावणाऱ्या हॉटेलांकडून, महामार्गाच्या टोलमधून यावेत. आज माणूस गेल्यावर भरपाई मोठी मिळते आणि तो जिवंत असताना वाट राखल्याबद्दल काहीच मिळत नाही. हा हिशेब नीतीच्या दृष्टीने मला उलटा वाटतो.

आता अर्ज कोणी करायचा एवढे राहते. देवस्थानाच्या जमिनीत देव कायद्याने मालक असतो आणि त्याच्या वतीने वहिवाटदार बोलतो. जंगलाच्या वतीने बोलायला वनखाते आहे, पण शिवारात त्याचा शब्द परक्याचा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथल्या ग्रामसभेने रानाविषयीचे निर्णय स्वतः घेतले. अशा ग्रामसभेला आपल्या हद्दीतली जनावरांची वाट नकाशावर आखण्याचा, तिचा खंड ठरवण्याचा आणि ती कोणी अडवली तर तहसीलदारापुढे उभे राहण्याचा अधिकार मिळायला हवा. वाट नेमकी कुठून जाते हे सांगायला कॉलरची गरज क्वचितच पडेल. गावातल्या गुराख्यांना ती माहीत असते.