पुतळ्याचे तोंड कुणीकडे?

न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात हॅरिएट टबमन ह्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार ॲलिसन सार ह्यांनी घडविलेल्या ह्या पुतळ्याचे २००८ साली अनावरण झाले आणि वाद सुरू झाला. कारण पुतळ्याचे तोंड दक्षिणेकडे आहे!

अमेरिकेत गुलामगिरी होती दक्षिणेला आणि मुक्ती उत्तरेला. मग गुलामांना सोडविणारी ही स्त्री उलट्या दिशेने कशी निघाली? पुतळा फिरवा, अशा अर्जावर अनेक रहिवाशांनी सह्या केल्या. त्यांना आपण हसू नये. हार्लेममधील कित्येक घरांचे पूर्वज दक्षिण सोडून तेथे आलेले. त्यांच्या लेखी उत्तर ही नुसती दिशा नव्हे.

पण शिल्पकर्तीला दाखवायची होती ती परत जाणारी हॅरिएट. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट १८४९ साली पळून पेनसिल्व्हेनियात पोहोचल्या. स्वतःपुरता प्रश्न सुटला होता. तरी सुमारे तेरा वेळा त्या माघारी गेल्या आणि सत्तरेक माणसांना घेऊन आल्या. १८५० च्या कायद्याने उत्तरेतही पळालेल्यांना पकडून परत धाडता येई, म्हणून पुढे त्यांना थेट कॅनडापर्यंत नेले. १८५१ साली नवऱ्याला आणायला गेल्या, तर त्याने दुसरा संसार थाटलेला. मग ज्यांना यायचे होते त्यांना घेऊन त्या निघाल्या.

हे त्यांचे कर्तव्य होते काय? होते म्हणावे, तर जे एकदा सुटले आणि परत फिरले नाहीत, त्या हजारोंना आपण दोषी ठरवितो. तसा अधिकार आपल्याला कुणी दिला? नव्हते म्हणावे, तर ‘थोर बाई!’ म्हणून हार घालून आपण मोकळे होतो. हॅरिएट ह्यांनी स्वतः सांगितले ते साधे आहे. मुक्त भूमीवर पाऊल ठेवले तेव्हा त्यांचे स्वागत करायला ओळखीचे कुणीच नव्हते. त्यांचे घर अजून मागेच होते. म्हणजे परत जाणे ही दुसऱ्यांवर केलेली मेहेरबानी नव्हती. आपलीच अर्धी राहिलेली मुक्ती त्या पुरी करीत होत्या. लोक त्यांना ‘मोशे’ म्हणत. मोशेही मिद्यानात बायकामुलांसह, मेंढरे राखत सुखरूप होता. फरोच्या देशात तो परत गेला.

१८५४ च्या नाताळात त्या भावांना न्यायला आल्या. सणानंतर भावांची विक्री व्हायची होती. सारे आईवडिलांच्या खोपटाजवळ वैरणीच्या कोठारात लपले. वडील बेन गुपचूप अन्न घेऊन आले, पण मुलांकडे त्यांनी पाहिले नाही. निरोपाला थोडे अंतर चालले ते डोळ्यांवर रुमाल बांधून. उद्या मालकाने विचारले तर ‘मुलांना पाहिले नाही’ असे खरेच सांगता यावे! नीतिशास्त्राचे पंडित ह्याला काय म्हणतील ते म्हणोत. आम्हाला तो रुमाल पुष्कळ शपथांहून खरा वाटतो.

आईला मात्र काहीच कळविले नव्हते. तिला हुंदका आवरला नसता. मुले जेवायला येतील म्हणून ती दिवसभर वाट पाहत होती आणि लेकरे फटीतून तिला पाहत होती. १८५७ साली हॅरिएट पुन्हा दक्षिणेला गेल्या, म्हाताऱ्या आईवडिलांना आणायला.