संशय आणि शस्त्र

रोगाची पुरती खात्री नाही आणि थांबणेही धोक्याचे आहे, अशा वेळी दुसऱ्याच्या शरीरावर शस्त्र चालवण्याचा अधिकार कशातून येतो, हा धर्माचाही प्रश्न आहे आणि ज्ञानाचाही. पोट आणि स्तन यांच्या विरळ आजारांत तो सर्वांत तीव्रपणे उभा राहतो. पोटातले अवयव डोळ्यांना दिसत नाहीत. स्तनातली गाठ हाताला लागते, पण ती कशाची आहे हे हाताला कळत नाही. त्यातही विरळ आजार बहुधा एखाद्या नेहमीच्या आजाराचे रूप घेऊन येतो.

पोटात पाणी, ओटीपोटात गोळा आणि रक्तात सीए-125 हे प्रथिन वाढलेले, एवढ्यावरून बीजाशयाचा कर्करोग मनात येतो. पोटाच्या आवरणाचा क्षयही हेच चित्र उभे करतो, आणि तो औषधांनी बरा होतो. याच्या उलट प्रकार ऑब्ट्युरेटर हर्नियाचा. कृश, वृद्ध स्त्रीच्या मांडीच्या आतल्या बाजूला कळ येते, तिला सांधेदुखी समजले जाते, आणि तोवर आतड्याचा तुकडा ओटीच्या हाडातल्या छिद्रात अडकून काळा पडत असतो. पहिल्या रुग्णाला घाईची मोठी शस्त्रक्रिया मारक, दुसऱ्या रुग्णाला उशीर मारक.

स्तनाचेही तसेच. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हा आजार 1972 मध्ये स्वतंत्रपणे वर्णिला गेला. त्यात गाठ टणक असते, कातडी ओढली जाते, काखेतल्या ग्रंथी सुजतात. सारे कर्करोगासारखे, पण मुळात तो दाह असतो. त्यासाठी स्तन काढणे म्हणजे न भरून येणारे नुकसान. दुसरीकडे, दाहासारखा दिसणारा कर्करोग गळू समजून प्रतिजैविकांवर आठवडेच्या आठवडे काढले जातात. फिलॉइड्स ही गाठ साध्या फायब्रोअ‍ॅडेनोमासारखी भासते, सुईने काढलेल्या तुकड्यावरून दोन्हींतला फरक दरवेळी ठरत नाही, आणि ती काढताना भोवतालच्या निरोगी ऊतीची कडही घ्यावी लागते.

या सर्व उदाहरणांत चूक होते ती अनुमानात. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान उभे राहते ते धूर आणि अग्नी यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर, म्हणजे व्याप्तीवर. एका लक्षणाचे एका रोगाशी असे साहचर्य क्वचितच असते. जे लक्षण नव्वद वेळा एका रोगाचे असते ते दहा वेळा दुसऱ्याच रोगाचे निघू शकते, आणि समोरचा रुग्ण त्या दहांतला आहे का, हे संख्या सांगत नाही. न्यायदर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत प्रमाण (ज्ञानाचे साधन) आणि प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्या लगेच पुढे संशयाला स्थान दिले, निर्णय बराच नंतर येतो. संशय ही विचाराची उणीव नाही, विचाराचा प्रारंभ आहे, अशी ती मांडणी आहे.

अनुमान आणि संशय यांचा हा वाद बडोद्याला परका नाही. घडियाळी पोळ ही बडोद्याच्या जुन्या, तटबंदीच्या शहरातली मांडवीजवळची वस्ती. अंबामातेचे जुने देऊळ ही तिची ओळख. गायकवाडांच्या राज्यात मराठी कुटुंबे याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या रुजली, आणि सयाजीराव महाराजांच्या विद्याप्रेमातून इथेच गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. 1926 मध्ये या मालेत बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या पंजिकेसह (टीकेसह) एम्बार कृष्णमाचार्यांच्या संपादनाखाली निघाला. त्या ग्रंथात चरकाचे नाव घेऊन ‘युक्ती’ या प्रमाणाची परीक्षा केली आहे. चरकाने प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला युक्ती मानली होती. अनेक कारणे एकत्र येऊन एक कार्य कसे घडते, हे तिन्ही काळांचा विचार करून पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती. शांतरक्षिताला ती वेगळे प्रमाण म्हणून मान्य नाही.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने शांतरक्षिताचा आक्षेप वजनदार आहे. रोग्याच्या खाटेशी मात्र चरकाचे म्हणणे जास्त उपयोगी पडते. आजचे स्तनरोगनिदान तीन पायांवर उभे आहे: हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने घेतलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. तिन्ही एकमेकांशी जुळले तर निर्णय, एक जरी वेगळे बोलले तरी पुन्हा शोध. पोटाच्या बाबतीत दुर्बिणीने आत पाहून आवरणाचा तुकडा घेतला की क्षय आणि कर्करोग वेगळे करता येतात. एका चिन्हावर भरवसा न ठेवता अनेक साक्षी एकत्र तोलणे, हेच युक्तीचे काम.

याच मालेत 1940 मध्ये जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी संपादून प्रसिद्ध केला. कोणतेच प्रमाण टिकत नाही, असे जयराशीचे म्हणणे. शल्यविशारदाला तिथे थांबता येत नाही, कारण आतडे सडत असताना न करणे हीसुद्धा एक कृतीच असते आणि तिचेही फळ भोगावे लागते. पण निश्चयाच्या अतिरेकाला जयराशीची चिकित्सा चांगले औषध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यविशारद हॅल्स्टेडने स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि अनेक दशके ती निःशंकपणे केली गेली. 1971 मध्ये शल्यविशारद बर्नार्ड फिशरच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या चाचणीने दाखवले की कमी विस्ताराच्या उपचाराने आयुष्य कमी होत नाही. संशय घेतला गेला नाही, त्याची किंमत असंख्य स्त्रियांच्या शरीरांनी चुकवली.

उदररोगांच्या शस्त्रकर्माबद्दल प्राचीन ग्रंथ आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहेत. सुश्रुताने केस किंवा खडे अडकून बंद पडलेल्या आतड्याचे वर्णन केले आहे. नाभीच्या खाली डाव्या बाजूला पोट उघडून आतडे बाहेर घ्यावे, अडथळा काढावा, तूप-मध लावून ते परत ठेवावे आणि पोट शिवावे, असा विधी त्याने सांगितला. फुटलेल्या आतड्याच्या कडा जोडायला काळ्या मुंग्यांचा दंश वापरला. गिळलेल्या केसांचा गोळा जठरात साठण्याचा आजार आजही क्वचित आढळतो आणि बहुधा शस्त्रक्रियेनेच सुटतो.

याहून मोलाचे आहे ते चरकाने उदररोगाच्या शेवटच्या, जीवघेण्या उपचाराआधी घातलेले बंधन. काही न केल्यास मृत्यू अटळ आहे, केल्यास परिणाम अनिश्चित आहे, हे वैद्याने आधी उघड सांगावे आणि अनुज्ञा मिळाल्यावरच हात घालावा. उपचाराचा अधिकार वैद्याच्या ज्ञानातून आपोआप येत नाही; आपल्या ज्ञानाची सीमा त्याने बोलून दाखवली की तो येतो.

मात्र ज्यांची अनुज्ञा घ्यायची त्यांच्या चरकाच्या यादीत नातलग, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरू आहेत. स्वतः रुग्णाचे नाव त्यात नाही. घडियाळी पोळीतल्या एकत्र कुटुंबात आजही निर्णय सासरे, दीर, थोरला मुलगा घेतात आणि जिच्या स्तनाचा किंवा गर्भाशयाचा प्रश्न आहे तिला शेवटी कळते. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच बाब आली. दुर्बिणीने निदान करण्यासाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजाशय तिच्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले की निदानाची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जीव किंवा प्रकृती वाचवण्यासाठी थांबता येत नसेल तेवढाच अपवाद. चरकाचे तत्त्व इथे पूर्णत्वाला पोहोचते: संशय सांगायचा तो प्रथम ज्याचे शरीर आहे त्याला.

उरतो दैवाचा प्रश्न. शस्त्रक्रियेआधी अंबामातेपुढे हात जोडणे आणि नवस बोलणे यांचा शस्त्रक्रियेशी विरोध नाही. चरकाने दैवव्यपाश्रय (दैवावर आधारलेला), युक्तिव्यपाश्रय (युक्तीवर आधारलेला) आणि सत्त्वावजय (मनावर ताबा मिळवण्याचा) असे उपचाराचे तीन मार्ग एकत्र सांगितले. आयुष्य सर्वस्वी ठरलेले आहे हे मतही त्याने नाकारले; दैव आणि पुरुषार्थ दोन्हींवर ते अवलंबून असते, एरवी औषधाला अर्थच राहिला नसता. प्रार्थना मनाला बळ देते. पण नवसाची मुदत पुरी होईपर्यंत गाठीची तपासणी लांबवणे, किंवा आजार हे पूर्वकर्माचे फळ मानून रुग्णावर दोष ठेवणे, याला त्या विचारात आधार नाही.

तेव्हा अपुऱ्या ज्ञानावर केलेली शस्त्रक्रिया धर्म्य ठरायला चार गोष्टी लागतात. वेळ देईल तेवढ्या साक्षी गोळा केलेल्या असाव्यात. मागे फिरता येणार नाही असे पाऊल शक्य तितके लहान आणि शक्य तितके उशिरा टाकावे. राहिलेला संशय रुग्णाला तिच्या भाषेत सांगून तिची स्वतःची संमती घ्यावी. आणि काढलेला प्रत्येक तुकडा तपासून, निदान चुकले असेल तर ते मान्य करून पुढचा उपचार बदलावा. या अटी पाळल्यावरही परिणाम वाईट होऊ शकतो. तेव्हा वैद्याला दुःख होईल, पण अधर्माचा दोष त्याला लागत नाही. त्या मोडून मिळालेले यश मात्र त्याला निर्दोष करत नाही.