बाहेरचं झाड

फेब्रुवारीत पुण्याची वेताळ टेकडी गुलाबी होते. फुलं गिरिपुष्पाची, झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, झपाट्याने वाढतं म्हणून इथे लावलेलं. सालई, मोई, गणेर हे इथले; ते सावकाश वाढतात.

परवा गिरिपुष्पाची रोपं उपटायला गेलो आणि अडखळलो. मीही नोकरीसाठी लातूरहून आलेला, बाहेरचाच. पण ही तुलना लंगडी आहे. मी स्वतःहून आलो. झाडाला आपण आणलं. चूक आपली, शिक्षा त्याला?

मात्र न उपटणं हाही निर्णयच, अजून न उगवलेल्या सालईच्या विरोधातला. तिची बाजू घ्यायला कुणीच नसतं. (कोडमधली जुनी चूक मी बिनदिक्कत डिलीट करतो.)

शेवटी रोप उपटलं. मुळांवर नत्राच्या गाठी होत्या. शेजारच्या मोठ्या झाडाला मात्र हात लावला नाही.