पहारा आणि पाषाण

अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढल्यावर जो अतितीव्र किरणोत्सारी द्रव उरतो, तो भारतात तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कम येथे बोरोसिलिकेट काचेत मिसळून घट्ट केला जातो. या क्रियेला काचीकरण म्हणतात. ही काच पोलादी डब्यांत बंद करून काही दशके देखरेखीखाली निववायची आणि मग शेकडो मीटर खोल खडकात कायमची पुरायची, असा विचार आहे. त्यासाठी 1980 च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे 1000 मीटर खोलीवर उष्णतेचे प्रयोग झाले. मात्र भारतात अशी जागा अद्याप ठरलेली नाही. म्हणून पुढील संवाद कल्पित आहे. त्यात मध्य प्रदेशातील सौंसरचे एक निवृत्त भूविज्ञान-प्राध्यापक आणि पांढुर्ण्यात संत्र्याची बाग करणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी बोलत आहेत.

विद्यार्थिनी : सर, डोळ्यांसमोर असलेल्या कचऱ्यावर लक्ष ठेवता येते. विवर एकदा बुजवले की चूक झाल्याचे कळणारही नाही. मग पुरण्यापेक्षा राखणे अधिक जबाबदारीचे नाही का?

प्राध्यापक : राखणार कोण, ते आधी सांग. टेक्नेशियम-99 चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, दोन लाख वर्षांहून अधिक आहे. येथे 1853 पर्यंत नागपूरकर भोसले होते, मग इंग्रज आले. 1956 पर्यंत राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. आणि 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाला. पावणेदोनशे वर्षांत दफ्तराचे धनी इतके बदलले, तर लाखो वर्षांचा पहारा कोणाच्या भरवशावर ठेवायचा?

विद्यार्थिनी : सत्ता बदलल्या, लोक राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव गोटमारीसाठी समोरासमोर येतात, ती रीत सरकारने नव्हे, लोकांनी जपली.

प्राध्यापक : हा दाखला तुझ्या विरुद्ध जातो. दगडफेक टिकली, पण ती का सुरू झाली याच्या कथा एकाहून अधिक आहेत. 'येथे खणू नये' एवढेच उरले आणि कारण विसरले गेले, तर कुतूहलच कुदळ हाती देईल.

येथे प्राध्यापकांची बाजू बळकट आहे, कारण ज्या बंदोबस्तास माणसाची आठवण लागते तो माणसाइतकाच अल्पायुषी असतो. परंतु खडक स्थिर असला म्हणून त्याच्याभोवतीचे जीवन स्थिर राहते असे नाही, आणि विद्यार्थिनीने नेमके तेच पुढे धरले.

विद्यार्थिनी : भूविज्ञानात ज्या रूपांतरित खडकांना, म्हणजे उष्णतेने व दाबाने मूळ रूप पालटलेल्या खडकांना, 'सौंसर समूह' म्हणतात, त्यांत मँगनीज आहे, म्हणून खाणी झाल्या. संत्र्याला पाणी हवे, म्हणून बोअरवेल खोल गेल्या. पुढचे लोक कशासाठी खणतील, हे खडक कसे सांगेल?

प्राध्यापक : म्हणूनच खनिजाचा आणि भूजलाचा प्रदेश टाळावा लागतो. त्या कसोटीवर सौंसर बाद ठरते.

विद्यार्थिनी : मग ज्या गावाकडे ना खनिज, ना पाणी, त्याच्याच माथी हा भार येणार. वीज जळणार एकीकडे आणि कचरा पुरला जाणार दुसरीकडे.

प्राध्यापक : फिनलंडमध्ये युराजोकी नगरपालिकेला नकाराचा अधिकार होता, तिने 2000 मध्ये संमती दिली, 2001 मध्ये संसदेने मान्यता दिली, आणि तेथे चारशे मीटरहून अधिक खोल पट्टिताश्मी खडकात विवर खोदले गेले. अशा नकाराच्या अधिकाराशिवाय भारतातही कोणत्याही गावाला विचारणे म्हणजे नुसते कळवणे होईल.

विद्यार्थिनी : संमती आजच्यांची झाली. सीझियम-137 चा अर्धायुकाल तीस वर्षे आहे. तीनशे वर्षांत तो हजारांश उरतो. निदान तोवर विवर उघडे ठेवावे, म्हणजे चूक आढळली तर डबे परत काढता येतील.

प्राध्यापक : जर्मनीतील आसे येथे 1967 ते 1978 या काळात मिठाच्या जुन्या खाणीत सव्वा लाख पिंपे ठेवली. नंतर खाणीत पाणी शिरू लागले, आणि आता ती पिंपे बाहेर काढणे हेच मोठे संकट झाले आहे.

विद्यार्थिनी : आसे येथे चूक जागा निवडण्यात झाली. विवर उघडे ठेवण्याने ती झाली नाही.

प्राध्यापकांनी हे मान्य केले, परंतु उघड्या विवरालाही तीनशे वर्षे पंप, वीज आणि जाणकार माणसे लागतील, आणि तीनशे वर्षांपूर्वी या मुलखावर देवगडच्या गोंड राजांचे राज्य होते, हे त्यांनी लक्षात आणून दिले. पहिल्या शंभर वर्षांनंतर बुजवण्याचा निर्णय त्या वेळच्या पिढीने घ्यावा, आणि तिने काहीच ठरवले नाही तर विवर बुजवलेच जावे, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले. मात्र त्यासाठी लागणारा पैसा आजच कोणाच्या हाती सोपवून ठेवायचा, यावर दोघांचे जमले नाही.